गिटारचा ट्यूनर निवडताना आणि आवडते गाणे बसवताना

गिटार शिकू लागलेला माणूस पहिल्या महिनाभरात बहुधा तीन वस्तू विकत घेतो: तार छेडायची पिक, पट्टी चढवण्यासाठी तारांवर बसवायचा चिमटा म्हणजे कॅपो, आणि ट्यूनर. पिक तो चार-पाच हाताळून घेतो, कॅपोची स्प्रिंग दाबून पाहतो, आणि ट्यूनर मात्र दुकानदार समोर ठेवील तो उचलतो, कारण काटा मधोमध आला की तार लागली, एवढेच त्या यंत्राचे काम आहे अशी समजूत असते. माझीही तशीच होती. फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर चवथीच्या आरत्यांना मी पहिल्यांदा गिटार घेऊन बसलो, तेव्हा सहाही तारा घरीच काटेकोर लावून गेलो होतो. पेटीवर बसलेल्या भाईंनी ‘काळी एक’ (म्हणजे सी शार्पची पट्टी) सांगितली, मी पहिल्या फ्रेटवर कॅपो चढवला, सी मेजरचा आकार धरला, आणि घुमट-शामेळ ही आरतीची चर्मवाद्ये सुरू होताच लक्षात आले की कॉर्ड बरोबर असूनही सगळे कणसूर लागते आहे. भाईंनी एकदा मान वळवून पाहिले. उरलेल्या आरत्या मी तारांवर तळवा टेकवून, केवळ ठेका धरत काढल्या. दुसऱ्या दिवशी पेटीची एकेक पट्टी ट्यूनरपुढे वाजवून पाहिली, तेव्हा ती सगळीकडे सुमारे वीस सेंट चढी निघाली.

ट्यूनर बिघडलेला नव्हता. तार कोणत्या ‘सा’शी जुळायला हवी हा प्रश्नच मी विचारलेला नव्हता. ट्यूनर घेताना, तारा लावताना आणि गाणे बसवताना हा एक प्रश्न आधी विचारला, तर पुढची बरीच खटपट वाचते, असा माझा अनुभव आहे.

काट्यामागचे गणित

ट्यूनर तारेची दर सेकंदाची कंपने मोजतो, जवळच्या स्वराचे इंग्रजी अक्षर दाखवतो आणि त्या स्वरापासून तार किती उतरलेली किंवा चढलेली आहे ते सेंटमध्ये सांगतो. एका सप्तकाचे १२०० सेंट आणि एका अर्धस्वराचे, म्हणजे गिटारवरच्या एका फ्रेटचे, १०० सेंट होतात. हे माप अलेक्झांडर एलिस यांनी १८८०च्या दशकात रूढ केले. मोजणीचा पाया मधल्या सप्तकातला ए हा स्वर असून त्याची कंपने ४४० हर्ट्झ धरली जातात. हा आकडा १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरला आणि पुढे आयएसओ १६ या मानकात आला. नेहमीच्या लावणीत गिटारची सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार ई (८२.४१ हर्ट्झ), पाचवी ए (११०), चौथी डी (१४६.८३), तिसरी जी (१९६), दुसरी बी (२४६.९४) आणि पहिली पुन्हा ई (३२९.६३) अशी असते.

जाड तारेच्या बाबतीत हे आकडे एक गोष्ट समजावतात. ८२ हर्ट्झच्या आसपास एक सेंट म्हणजे हर्ट्झचा जेमतेम विसावा भाग. तेवढा फरक ओळखायला यंत्राला तारेचा नाद अधिक वेळ ऐकावा लागतो, म्हणून सहाव्या तारेवर काटा उशिरा स्थिरावतो आणि शिकाऊ माणूस तोवर खुंटी दोनदा फिरवून मोकळा झालेला असतो. यावर सोपा उपाय असा, की बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसते टेकवून तार छेडावी आणि बोट उचलावे. वरच्या सप्तकातला जो घंटेसारखा हार्मोनिक मिळतो, तो यंत्राला लवकर कळतो.

कोणता ट्यूनर घ्यावा

निवड किमतीवरून करण्यापेक्षा आपण कुठे वाजवणार यावरून करावी. घरात एकट्याने सराव करणाऱ्याला फोनवरचे मोफत ॲप पुरते. फोनचा मायक्रोफोन शांत खोलीत पुरेसे अचूक ऐकतो, आणि आरंभीचे सहा महिने कोणी ॲपवरच काढले तर त्याचे काही बिघडत नाही. मात्र पंखा, प्रेशर कुकर आणि शेजारचा टीव्ही यांतून ॲप जेवढे वाचते तेवढे देवळाच्या सभामंडपात वाचत नाही. घुमट, शामेळ आणि कासाळे (झांजा) यांच्या मधोमध हवेतून ऐकणारा कोणताही ट्यूनर गोंधळतो. कधी तो पेटीचा स्वर दाखवतो, कधी शेजाऱ्याच्या बोलण्याचा.

अशा ठिकाणी क्लिप-ऑन ट्यूनर कामाला येतो. तो गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा असतो आणि आतल्या पिझो सेन्सरने लाकडाची थरथर थेट टिपतो, त्यामुळे बाहेरचा आवाज त्याला फारसा बाधत नाही. अगदी जवळ घुमट वाजत असेल तर गिटारचे पोटही त्या आवाजाने थरारते, तेव्हा गिटार छातीशी घट्ट धरून, बाकीच्या पाच तारा तळव्याने दाबून एकच तार छेडावी. काही शे रुपयांत मिळणारा साधा क्लिप-ऑनही बहुतेकांना वर्षानुवर्षे पुरतो, आणि एकच ट्यूनर घ्यायचा असेल तर मी हाच घ्यायला सांगेन.

घेताना पाच-सहा गोष्टी दुकानातच तपासाव्यात. पहिली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची म्हणजे ‘ए’चा आकडा बदलण्याची सोय; बऱ्याच यंत्रांत तो ४३० ते ४५० हर्ट्झपर्यंत सरकवता येतो, काही स्वस्त यंत्रांत तो ४४०वरच खिळलेला असतो, आणि पेटीबरोबर वाजवणाऱ्याने असले यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. दुसरी, क्रोमॅटिक पद्धत. नुसत्या गिटारसाठी असलेल्या पद्धतीत यंत्र सहा तारांचेच स्वर ओळखते, क्रोमॅटिकमध्ये बाराही; कॅपो लावल्यावर किंवा गाण्याचा सा शोधताना बारांचीच गरज पडते. तिसरी, अचूकता: वेष्टनावर अधिक-उणे एक सेंट असे लिहिलेले असले की पुरे, कारण सलग वाजलेल्या दोन स्वरांतला पाच-सहा सेंटांहून लहान फरक सर्वसाधारण कानाला सहसा कळत नाही. चौथी, पडदा अंधारातही आणि भर उन्हातही वाचता येतो का. शिगम्याच्या मिरवणुकीत संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की फिकट पडद्यावर काहीच दिसत नाही. पाचवी, चिमट्याची पकड आणि बिजागरी, कारण यंत्राचा मेंदू शाबूत असताना बिजागरी तुटलेले ट्यूनर मी जास्त पाहिले आहेत. आणि बॅटरी कोणती लागते ते विचारून घ्यावे. सीआर २०३२ हे नाण्यासारखे सेल म्हापशात, मडगावात कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतात.

इलेक्ट्रिक गिटार घेऊन तियात्राच्या (कोंकणी नाटकाच्या) किंवा लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्याचे गणित वेगळे आहे. त्याला पायाखालचा पेडल ट्यूनर हवा, कारण पेडल दाबताच गिटारचा आवाज बंद होतो आणि दोन गाण्यांमध्ये श्रोत्यांना कळू न देता तारा तपासता येतात. बऱ्याच इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारींच्या कडेला ट्यूनर बसवलेलाच असतो. तो आहे हे मालकाला वर्षभर ठाऊक नसल्याचेही मी पाहिले आहे. स्ट्रोब पद्धतीचे ट्यूनर एक दशांश सेंटपर्यंत मोजतात आणि त्यांत काट्याऐवजी सरकणारी नक्षी असते, जी स्वर जुळताच जागच्या जागी थांबते. गिटार दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर ते शोभते. आरतीला बसणाऱ्याने ते पैसे चांगल्या तारांवर घालवावेत.

तारा लावण्याची रीत

आधी यंत्राकडे पाहावे, गिटारकडे नंतर. आकडा ४४० आहे ना, पद्धत क्रोमॅटिक किंवा गिटार आहे ना, चुकून उकुलेलेची किंवा अर्धा स्वर उतरलेली (फ्लॅट) लावणी निवडलेली नाही ना, हे पाहिल्याशिवाय खुंटीला हात लावू नये. मग सहाव्या तारेपासून सुरुवात करावी. अंगठ्याच्या मांसल भागाने, बाराव्या फ्रेटच्या आसपास, मध्यम जोराने तार छेडावी. पिकने जोरात मारलेली तार पहिल्या क्षणी थोडी चढते आणि मग खाली बसते, त्यामुळे काटा आधी उजवीकडे उडी मारतो. त्या उडीला फसू नये, काटा स्थिरावल्यावर वाचावे.

स्वर नेहमी खालून वर आणावा. तार चढी असेल तर तिला आधी स्वराच्या खाली उतरवावी आणि मग हळूहळू चढवत आणावी, म्हणजे खुंटीच्या दात्यांतली ढिलाई ताणली जाते आणि दोन मिनिटांत तार पुन्हा घसरत नाही. खुंटी फिरवताना नटच्या, म्हणजे डोक्यालगतच्या खाचांच्या पट्टीच्या, खाचेतून ‘टिक’ असा आवाज येऊन काटा एकदम उडत असेल, तर तार खाचेत अडकते आहे असे समजावे. तार बाजूला करून पेन्सिलीचे शिसे खाचेत घासले की ती सरकू लागते. नव्या तारा बोटांनी हलकेच ओढून ताणाव्यात, पुन्हा लावाव्यात, आणि असे तीन-चार वेळा करावे. सहाही तारा झाल्या की पुन्हा पहिल्यापासून तपासाव्यात, कारण एकीचा ताण वाढला की गिटारचे लाकूड किंचित वाकते आणि बाकीच्यांचा ताण बदलतो.

नवशिक्याचा नेहमीचा अपघात म्हणजे सप्तक चुकणे. यंत्रावर ई दिसते, पण ती वरच्या सप्तकातली की खालच्या, हे बरीच यंत्रे सांगत नाहीत. तार नेहमीपेक्षा कडक लागू लागली आणि अजून हवे ते अक्षर येत नसेल, तर थांबावे. पहिली तार तुटताना डोळ्याजवळ चेहरा असू नये.

आता आपल्याकडच्या पावसाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बाहेरून आलेल्या कुठल्याही पुस्तिकेत ते नसते. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि जून ते सप्टेंबर गोव्याच्या घरांत ती दिवसेंदिवस याहून बरीच जास्त असते. लाकूड ओलावा पिऊन फुगते, गिटारचे पोट वर येते आणि तारा फ्रेटपासून उंच जातात. मग होते असे, की मोकळ्या तारा ट्यूनरवर अगदी बरोबर येतात, पण उंच गेलेली तार फ्रेटपर्यंत दाबताना जास्त ताणली जाते आणि दाबलेला प्रत्येक स्वर चढा लागतो. गिटार ‘लागत नाही’ म्हणून आपण खुंट्या फिरवत बसतो आणि दोष दुसरीकडेच असतो. पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगू नये, तिच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या अधूनमधून गरम करून सुकवाव्यात. खारी हवा आणि घाम यांनी पोलादी तारा गंजतात. गंजलेल्या तारेची जाडी सर्वत्र सारखी राहत नाही, म्हणून काटा तिच्यावर स्थिर होत नाही. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसावी. पणजीच्या कला अकादमीसारख्या वातानुकूलित सभागृहात वाजवायचे असेल, तर बाहेरच्या उकाड्यातून आत नेलेली गिटार केस उघडून वीसेक मिनिटे तशीच ठेवावी आणि मगच लावावी, कारण थंडाव्याने तारा आखडतात आणि आधी लावलेला स्वर चढतो.

दाबलेले स्वर खरे आहेत का, हे तपासायला बाराव्या फ्रेटची कसोटी आहे. तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक ट्यूनरवर बरोबर लावावा आणि मग त्याच फ्रेटवर तार दाबून छेडावी. दोन्ही एकच दिसले तर उत्तम. दाबलेला स्वर चढा असेल तर आधी तारा बदलून पाहाव्यात. तरीही फरक राहिला तर इलेक्ट्रिक गिटारचे सॅडल (पोटावरचा तारेचा टेकू) स्क्रूने मागे, नटपासून दूर, सरकवता येते, अकूस्टिकला मात्र जाणकार कारागिराकडे न्यावे.

पेटीशी जुळवणे आणि कॅपोची जागा

पेटी घरी उचलून आणून लावता येत नाही, तेव्हा गिटारनेच नमते घ्यायचे. पेटीवाल्यांना विनंती करून मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे ए, भाता एकसारखा चालवत सात-आठ सेकंद धरायला सांगावी आणि ट्यूनर पेटीच्या लाकडाला लावून किंवा फोन जवळ धरून किती सेंटांचा फरक आहे ते वाचावे. ४४०च्या परिसरात एक हर्ट्झ म्हणजे सुमारे चार सेंट होतात. पेटी बारा सेंट चढी असेल तर ट्यूनरचा आकडा ४४३ करावा, आमच्यासारखी वीस सेंट चढी असेल तर ४४५, आणि आठ सेंट उतरलेली असेल तर ४३८. मग सहाही तारा नव्याने लावाव्यात. एकाच पट्टीवर विसंबू नये, दोन-तीन पट्ट्या पाहून मधला आकडा धरावा, कारण जुन्या पेटीच्या सगळ्या पट्ट्या एकमेकींशी एकनिष्ठ असतातच असे नाही. घरी परतल्यावर आकडा ४४० करायला विसरू नये. हे मी स्वतः दोनदा विसरलो आहे.

गायक-वादकांची काळी-पांढरीची भाषा गिटारवाल्याला तोंडपाठ हवी. पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. काळी एकला कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून सी मेजरचा आकार धरावा किंवा चौथ्यावर लावून ए मेजरचा. काळी दोनला पहिल्या फ्रेटवर डी किंवा तिसऱ्यावर सी. पांढरी चारला पहिल्यावर ई किंवा तिसऱ्यावर डी. काळी चारला पहिल्यावर जी. काळी पाचला पहिल्यावर ए किंवा तिसऱ्यावर जी. कॅपो फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, किंचित मागे आणि सरळ बसवावा, आणि बसवल्यावर तारा क्रोमॅटिक पद्धतीत पुन्हा तपासाव्यात, कारण घट्ट स्प्रिंगचा कॅपो सगळ्या तारा थोड्याफार चढवतोच.

सगळे जुळवूनही मेजर कॉर्डमधला एक स्वर तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला खुपत राहतो, तो गंधार. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो सापासून ३८६ सेंटांवर असतो, आणि फ्रेटच्या हिशेबाने गिटारचा गंधार पडतो बरोबर ४०० सेंटांवर, म्हणजे सुमारे चौदा सेंट चढा. पंचमाचा फरक दोनच सेंटांचा, म्हणून तो कोणाला जाणवत नाही. मंगेशी, केरी, कुर्डी या गावांची नावे ज्यांच्या आडनावांतून शास्त्रीय संगीतात पोचली, त्या गायकांच्या प्रांतात गिटार वाजवताना हा फरक लक्षात ठेवलेला बरा. रागाच्या अंगाने जाणाऱ्या अभंगाला किंवा नाट्यपदाला साथ करताना मी गंधाराची तार वाजूच देत नाही आणि नुसता सा-प वाजवतो. गायक मोकळेपणाने स्वतःचा गंधार लावतो आणि गिटार त्याच्या वाटेत येत नाही.

आवडते गाणे बसवणे

बहुतेक जण गाण्याचे नाव आणि ‘कॉर्ड्स’ असे शोधून जे पान पहिले उघडेल त्यावरून सुरुवात करतात. त्या कॉर्ड कोणीतरी कानाने काढलेल्या असतात, त्याच्या सोयीच्या पट्टीत असतात आणि पुष्कळदा अंतऱ्यात चुकलेल्या असतात. त्या पाहू नयेत असे मी म्हणत नाही; आधी स्वतः काढाव्यात आणि मग ताळा म्हणून पाहाव्यात.

पहिली पायरी गाण्याचा सा शोधण्याची. गाणे दोनदा नुसते ऐकावे. ध्रुवपदाची ओळ जिथे निवांतपणे येऊन थांबते, तो स्वर बहुतेक वेळा सा असतो. तो आपल्या आवाजात ‘आ’कार लावून धरावा आणि ट्यूनरच्या ॲपपुढे गावा. यंत्र अक्षर दाखवील, समजा एफ, म्हणजे गाणे पांढरी चारचे. खात्रीसाठी गिटारवर तोच स्वर वाजवत गाणे पुन्हा ऐकावे. सा बरोबर असेल तर तो तंबोऱ्यासारखा गाण्याखाली सामावून राहतो.

जुन्या ध्वनिमुद्रणांत इथेच घोटाळा होतो. तबकडीवरून किंवा टेपवरून उतरवलेल्या गाण्याचा वेग मूळच्यापेक्षा तीन टक्के वाढलेला असला, तर स्वर जवळजवळ पन्नास सेंटांनी, म्हणजे अर्ध्या फ्रेटने, चढतो आणि गाणे कोणत्याच पट्टीत बसत नाही. फरक तीस-पस्तीस सेंटांपर्यंत असेल तर ट्यूनरचा आकडा सरकवून गिटार त्या गाण्याला लावता येते. याहून जास्त असेल तर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचा वेगच दुरुस्त करून घ्यावा. इथे स्वर न बदलता वेग बदलण्याचा पर्याय निवडू नये, वेग आणि स्वर एकत्र बदलणारा निवडावा, कारण बिघाड दोन्हींचा एकत्रच झालेला असतो.

दुसरी पायरी खर्जाची. कॉर्ड ओळखण्याआधी त्यांच्या तळाचे स्वर शोधावेत. सहाव्या आणि पाचव्या तारेवर एकेक स्वर वाजवत, गाण्यात जिथे बदल जाणवतो तिथे कोणता स्वर सामावतो ते पाहावे आणि शब्दांवर खूण करावी. साच्या मेजरमधली बरीच सुगम गाणी सा, म आणि प यांच्या कॉर्डवर उभी असतात: सी पट्टीत सी, एफ, जी. त्यांच्या जोडीला ए मायनर, डी मायनर आणि ई मायनर घेतल्या की मोठा भाग उरकतो. मेजर की मायनर हे ठरवायला दोन्ही वाजवून पाहणे हाच मार्ग आहे. चालीत कोमल निषाद येत असेल तर बी फ्लॅट लागण्याची शक्यता असते, यमनच्या तीव्र मध्यमाला डी मेजर साथ देते, आणि भैरवीच्या वळणाच्या चालीत सी मायनरला डी फ्लॅट मेजर जोडून पाहावी. पण चालीतल्या प्रत्येक स्वराखाली कॉर्ड बदलण्याचा मोह आवरावा; आपली गाणी एका कॉर्डवर दोन-दोन ओळी आनंदाने थांबतात.

मांडो हे गोव्याचे कोंकणी गीत बसवणाऱ्याला कानाने कॉर्ड काढणे त्यामानाने सोपे जाते, कारण तो दोन आवाजांत, समांतर तिसऱ्या आणि सहाव्या स्वरांच्या अंतराने गायला जातो आणि कॉर्डमधले दोन स्वर गायकच पुरवतात. कठीण असतो तो त्याचा सहा मात्रांचा संथ, जणू पाय ओढत चाललेला ठेका, जो दुलपद, म्हणजे मांडोनंतरचे जलद गीत, सुरू होताच एकदम चपळ होतो. इथे कॉर्ड आधी आणि ठेका नंतर असे करू नये. घुमटाचे बोल तोंडाने म्हणत उजवा हात आधी बसवावा.

तिसरी पायरी वेगाची. यूट्यूबवर गाण्याचा वेग पाऊणपट किंवा अर्धा करता येतो आणि स्वर तोच राहतो. एक ओळ घ्यावी, अर्ध्या वेगात ती सलग पाच वेळा बिनचूक वाजली की पाऊणपट, मग पूर्ण. गाण्याशिवाय सराव करताना मेट्रोनोम साठावर ठेवून दर वेळी चार-पाचांनी वाढवावा. भजनी ठेक्याच्या किंवा केरव्याच्या गाण्यात मेट्रोनोमचा ठोका पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पडेल अशी मोजणी ठेवली, तर तबल्याबरोबर वाजवताना हात चुकत नाही. ओळ चुकते ती सहसा कॉर्ड धरताना नव्हे, बदलताना. म्हणून त्या दोन कॉर्डमधली उडी तेवढी सुटी काढून घोटावी, अख्खे गाणे पहिल्यापासून पन्नास वेळा वाजवण्यात सोप्या ओळींचाच सराव होतो.

चौथी पायरी बोटांची आणि ती बहुतेक जण वगळतात. सी मेजर धरून एकेक तार छेडावी आणि ट्यूनर पाहावा: पाचव्या तारेवर सी, चौथीवर ई, तिसरीवर जी, दुसरीवर पुन्हा सी, पहिलीवर ई. मोकळ्या तारा बरोबर असूनही दाबलेल्या तारा दहा-बारा सेंट चढ्या दिसल्या, तर बोट गरजेपेक्षा जास्त जोर लावते आहे किंवा तार आडवी ओढते आहे. बोट फ्रेटच्या जवळ सरकवावे आणि जोर इतका कमी करावा की तार फडफडू लागेल. मग फडफड जाईल एवढाच वाढवावा. मींड घेतानाही हीच तपासणी उपयोगी पडते. दुसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटचा जी ओढून दहाव्याच्या ए-पर्यंत न्यायचा असेल, तर आधी दहावा वाजवून ऐकावा, मग डोळे मिटून ओढावे आणि तार धरून ठेवून काटा पाहावा. पहिल्या आठवड्यात मी दर वेळी वीसेक सेंट कमी पडत असे आणि मला ते ऐकूही येत नव्हते.

गाणे पूर्ण वेगात येऊ लागले की फोनवर स्वतःचे ध्वनिमुद्रण करावे आणि ते त्याच दिवशी ऐकू नये. दुसऱ्या दिवशी ऐकताना मूळ गाणे एका कानात आणि आपले दुसऱ्या कानात, असे ओळीओळीने ताडून पाहावे आणि जिथे खटकेल तिथे कागदावर फक्त शब्द लिहावा: ‘अंतरा, दुसरी ओळ, शेवट’. तेवढेच तुकडे पुन्हा बसवावेत.

त्यानंतर गाणाऱ्याबरोबर बसावे. गायक त्या दिवशी घसा पाहून हमखास म्हणणार, ‘आज काळी एक नको, पांढरी एक घेऊया.’ बोटांचे आकार सी मेजरचेच ठेवावेत, पहिल्या फ्रेटवरचा कॅपो काढून खिशात टाकावा, आणि गायक पाणी पिईपर्यंत सहाही मोकळ्या तारा एकदा तपासून घ्याव्यात.